माड करपला म्हणून पाणी वाढवू नका, आधी पात उलटून बघा

जानेवारी उजाडला की किनाऱ्यालगतच्या वाड्यांत माडाच्या खालच्या झावळ्या भाजल्यासारख्या दिसू लागतात आणि पहिला संशय पाण्यावर नाहीतर खतावर जातो. एक पात तोडून उलटी करा. खाली रेशीम आणि विष्ठेची तपकिरी, खरखरीत बोगदी चिकटलेली दिसली, तर ती काळ्या डोक्याची अळी. पतंग राखाडी, सहसा नजरेस न पडणारा. अळी बोगद्यात राहून खालून हिरवा भाग खरवडते, वरचा पापुद्रा तेवढा उरतो. प्रादुर्भाव जोराचा असला तर शेंड्याच्या तीन-चार झावळ्याच हिरव्या राहतात.

यावरचा खरा उपाय म्हणजे गोनिओझस हा मुंगीएवढा काळा मित्रकीटक. त्याची मादी अळीला डंख मारून लुळी पाडते, तिच्या अंगावर अंडी घालते आणि वर पिल्लांची राखणही करते. पण तिला मोठी अळी लागते. म्हणून कीटक मागवण्याआधी काडीने बोगदी उघडून बघायची. या किडीची पिढी बऱ्याचदा वाडीभर एकाच वेळी वाढते. आत नुसते कोष असतील, तर गोनिओझस फुकट गेला म्हणून समजा. पुढच्या पिढीच्या अळ्या वाढेपर्यंत थांबा. अंड्यापासून पतंगापर्यंत साधारण दोन महिने जातात.

प्रमाण माडामागे २०. साडेसात मीटर अंतराच्या लागवडीत हेक्टरी सुमारे १७५ माड बसतात, म्हणजे ३५०० कीटक. ते प्रयोगशाळेत वाढवावे लागतात, तेव्हा मागणी आधीच नोंदवा. रत्नागिरीजवळ भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्रात चौकशी करता येते. आणताना बाटली सावलीत ठेवा. स्कूटरच्या डिकीत उन्हाने निम्मे वाटेतच मरतील. सोडण्याआधी मधाचा थेंब द्या आणि बोगदी असलेल्या पातीचा तुकडा बाटलीत टाका. त्या वासाने मादी अळी लवकर शोधते.

ऊन उतरल्यावर सोडा, आणि खोडावर. पाडेल्याला (नारळ पाडणाऱ्याला) शेंड्यापर्यंत चढवून तिथे बाटली उघडायची हौस अनेकांना असते, पण शेंड्यात कोळी आणि ढेकूणवर्गीय शिकारी कीटक टपलेलेच असतात.

पूर्ण वाळलेल्या खालच्या दोन-तीन झावळ्या कीटक सोडण्याच्या आधी तोडून जाळाव्यात. नंतर जाळल्या तर गोनिओझसची पिल्लंही त्यात जातात. अर्ध्या हिरव्या झावळ्या सरसकट छाटू नका, माड आणखी खंगतो. कीडग्रस्त झावळ्या झापांसाठी किंवा मांडवासाठी दुसऱ्या गावी नेल्या की कीडही सोबत जाते. फवारणी केली असेल, तर कीटक सोडायला तीन आठवडे थांबा. शेजारच्या वाडीतही त्याच सुमारास सोडले पाहिजेत, नाहीतर पतंग बांध ओलांडून परत येतात.

करपलेली झावळी पुन्हा हिरवी होत नाही, त्यामुळे खाली बघून निकाल ठरवू नका. मधल्या झावळ्यांच्या पाती उलटा: बोगद्यांत लुळ्या अळ्या आणि त्यांच्याशेजारी गोनिओझसचे छोटे कोष दिसले, तर काम चालू आहे. जिवंत अळ्याच जास्त असतील, तर पुन्हा सोडा.