बोट चौथ्या टप्प्यात येतं

ईएमडीआर ही छळणाऱ्या आठवणींचा त्रास कमी करणारी मानसोपचाराची पद्धत. ती म्हणजे थेरपिस्टच्या बोटामागे डोळे फिरवणं, एवढंच बहुतेकांच्या कानावर आलेलं असतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिन शापिरो यांनी 1987 पासून घडवलेल्या या पद्धतीला आठ टप्पे आहेत, आणि बोट येतं चौथ्यात. आधीचे तीन घाईत उरकले की पुढे गाडी अडते.

बडोद्यातल्या मराठी माणसाने तिसऱ्याकडे नीट बघावं. समजा, ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीच्या पुराचं पाणी घरात शिरलं, ती आठवण छळते. त्यातलं सगळ्यात वाईट चित्र निवडायचं: जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर चढलेलं गढूळ पाणी. मग त्या चित्राकडे बघताना स्वतःबद्दल आज काय वाटतं, ते एका वाक्यात. ‘पाणी फार होतं’ चालत नाही, ते पुराबद्दल झालं. ‘माझ्या हातात काहीच नाही’ चालतं. हे वाक्य घरच्या बोलीत हवं. दिवसभर बाजारात गुजराती बोलणारा सवयीने गुजरातीत उत्तर देतो. ते बरोबर असतं, पण पोटात ढवळत नाही. थेरपिस्ट गुजराती असला तरी अडत नाही. अर्थ एकदा सांगा, मनात मराठीच धरा. आठवणीचा सगळा तपशील बोलून दाखवायची सक्ती इथे नसतेच.

त्रास 0 ते 10 मध्ये मोजतात. त्या वाक्याच्या जागी जे वाटायला हवं, समजा ‘आता मी सांभाळू शकते’, ते किती खरं वाटतं ते 1 ते 7 मध्ये. मग चौथा टप्पा: चित्र, आधीचं छळणारं वाक्य आणि छातीतला दाब एकत्र धरून, मान न हलवता, साधारण अर्धा मिनिट डोळे फिरवायचे. थांबून थेरपिस्ट विचारतो, ‘काय आलं?’ जे आलं त्यावरून पुढची फेरी.

तेच चित्र फिरून फिरून येत राहिलं तर दिशा किंवा वेग बदलतात. डोळे दुखले तर गुडघ्यांवर आलटून पालटून हलक्या थापट्या. अचानक सगळं सुन्न झालं तर मात्र त्याला आराम समजू नका. तिथे थांबायचं, पाय जमिनीवर टेकवायचे, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घ्यायची. म्हणूनच मोबाइलवर सरकता ठिपका लावून एकट्याने हे करणं मला पटत नाही. सुन्न झालेल्याला थांबवणारं समोर कुणी नसतं.

सत्र 60 ते 90 मिनिटांचं. आठवण अर्धी राहिली तर ती मनातल्या पेटीत बंद करून उठायचं. ही पेटी दुसऱ्या टप्प्यातच तयार करून ठेवलेली असते. पुढचे दोन-तीन दिवस विचित्र स्वप्नं पडू शकतात, ती लिहून ठेवा. आणि सत्रानंतर लगेच स्कूटर काढू नका, रिक्षाने घरी जा.