लेकरांची आवड आहे, एवढ्यावर निवड होते का?

"मॅडम, आमच्या पोरीला लेकरांची लई आवड आहे. बालरुग्ण नर्सिंगला तिला घेताल ना?" मी प्रवेशाच्या मुलाखती घेते हे कळलं की बीड-परभणीकडचे पालक हमखास विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

आवड सगळ्यांनाच असते. प्रत्येक अर्जात तेच लिहिलेलं असतं, त्यावरून मला काहीच कळत नाही. हा १ वर्षाचा अभ्यासक्रम नोंदणी झालेल्या, वॉर्डात वर्षभर तरी काम केलेल्या नर्सेससाठी आहे. तेवढं कागदावर दिसतं. बाकीचं समोर बसवूनच बघावं लागतं.

मी मोबाइलवर झोपलेल्या तान्ह्या बाळाचा व्हिडिओ लावते आणि श्वास मोजायला सांगते. बऱ्याच जणी १५ सेकंद मोजून चारनं गुणतात. पण नवजात बाळाचा श्वास एकसारखा चालत नाही, मधेच काही सेकंद थांबतो. म्हणून पूर्ण मिनिट मोजायचं. ६० किंवा जास्त भरले तर पुन्हा मोजायचं, आणि दुसऱ्यांदाही तेच आलं तर डॉक्टरांना बोलवायचं. गेवराईकडची एक मुलगी मोजता मोजता थांबली. "मॅडम, मधी हे थांबलं होतं. पहिल्यापासून मोजू का?" माझ्या मनात तिची निवड तिथंच झाली. टक्के मी नंतर पाहिले.

मग औषधाचा हिशोब. ८ किलोचं लेकरू, पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम, बाटली ५ मिलीत १२० मिलिग्रॅमची. उत्तर ५ मिली. लगेच ५ मिलीत २५० मिलिग्रॅमची बाटली पुढे ठेवते. लेबल न वाचता पुन्हा "५ मिली" म्हणणारीला मी घेत नाही, दुप्पट डोस गेला ना!

शेवटी आईबद्दल विचारते. ऊसतोडीहून परतलेली बाई आजारी बाळाला घुटी पाजून आलीय, काय करशील? "रागावेन" हे उत्तर फार येतं. रागावलं की ती पुढच्या वेळी लपवते, आणि बाळाच्या पोटात काय गेलंय हे कळायलाच हवं. कधी पाजली, किती, त्यात काय काय होतं, हे शांतपणे विचारणारी मला हवी. किंवा विचारणारा, मुलंही यात उत्तम तयार होतात.

तुमच्या मुलीला सांगा, इंग्रजी अडलं तर खुशाल मराठीत बोल. आणि येताना सेकंदकाट्याचं घड्याळ घालून ये.