शमीचे काटे आणि सांड्याची बंद बिळं : थरची नोंद

मंडळी, मागच्या वेळी अथणीकडच्या माळावरचे धाविक नि पखुर्ड्या हे पक्षी लिहिले होते. ही नोंद थरच्या वाळवंटाची. जानेवारीत जैसलमेरजवळ वाटाड्यासोबत चार दिवस उंटावरून झाडं-प्राणी मोजले, परवा बेळगावात उतरलो.

उंटावर बसलं की नजर उंच जाते. सेवण गवतामागे बसलेले दोन चिंकारे पायी गेलो असतो तर सुटलेच असते. पण डुलत्या पाठीवर पेन्सिल चालत नाही. मी मोबाइलवर बोलून ठेवायचो आणि मुक्कामावर वहीत उतरवायचो.

पहिल्या संध्याकाळी चौदा शमी लिहिल्या. तिकडे तिला खेजडी म्हणतात, १९८३ पासून ती राजस्थानचा राज्यवृक्ष आहे. उंटवाल्या चाचांनी दुसऱ्या दिवशी मला खाली उतरवलं, फांदी हातात दिली आणि म्हणाले, "कांटे देखो, बेटा." शमीचे काटे आखूड, फांदीभर विखुरलेले. वेडी बाभूळ मात्र पानाच्या बगलेत जोडीजोडीनं काटे काढते. मागं जाऊन परत पाहिलं, चौदातल्या पाच वेड्या बाभळी निघाल्या. आणि ही खेजडी म्हणजे आपली बन्नीच! दसऱ्याला गोकाक-अथणीकडे जिची पानं सोनं म्हणून देतात, ती. तिची पानं तिकडे शेळ्या-उंटांचा चारा, शेंगांची भाजी. त्या झाडाखाली मला घरी असल्यासारखं वाटलं.

सांडा, म्हणजे काटेरी शेपटीचा वाळवंटी सरडा, एकही दिसला नाही. थंडीत तो बिळाचं तोंड मातीनं बुजवून आत झोपतो. म्हणून तक्त्यात 'रिकामं बीळ' आणि 'बंद बीळ' असे वेगळे रकाने करा. हिवाळ्यात नुसतं 'सांडा : शून्य' लिहिलं तर नोंद खोटी ठरते.

माळढोकही नाही दिसला. तो जड पक्षी, त्याला समोरचं कमी दिसतं, विजेच्या तारा ऐनवेळी चुकवता येत नाहीत. क्षितिजावर तारा आणि पवनचक्क्या बघत उंटावर बसून होतो तेव्हा घसा दाटला. कधीकाळी दख्खनच्या माळांवरही तो होता.

फोग, कैर, बुई या तिकडच्या झुडपांच्या नोंदी सावकाश टाकतो, फोटो अजून लावायचे आहेत.

फेब्रुवारीत अथणीच्या माळावर पायी दोन किलोमीटरचा पट्टा धरतोय. प्रत्येक बन्नीची फांदी हातात घेऊन काटे बघायचे, मगच रकान्यात खूण. कोण येतंय?