रॉ फाइल डीएनजीत बदलावी की नाही

जुन्या हार्ड डिस्कवरील छायाचित्रे नव्या डिस्कवर हलवताना २००७ सालच्या आषाढी वारीतील रॉ फाइल्स मी बऱ्याच वर्षांनी उघडल्या. तो कॅमेरा बनवणाऱ्या कंपनीने हा व्यवसाय केव्हाच सोडला असून कॅमेऱ्याबरोबर मिळालेल्या सीडीतील सॉफ्टवेअर आजच्या संगणकावर चालत नाही. ॲडोबी कंपनीच्या लाइटरूम या छायाचित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरने त्या फाइल्स उघडल्या, म्हणून निभावले. पण सगळा संग्रह डीएनजी या खुल्या रॉ स्वरूपात बदलून ठेवावा का, हा टाळत आलेला प्रश्न सोडवणे भाग पडले.

रॉ फाइलमध्ये सेन्सरच्या प्रत्येक बिंदूवर पडलेल्या प्रकाशाची नोंद असते. १४ बिटांच्या फाइलमध्ये या नोंदीला १६,३८४ पायऱ्या मिळतात, तर जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६. मात्र निकॉनची एनईएफ, कॅननची सीआर३ आणि सोनीची एआरडब्ल्यू यांची लिहिण्याची रीत वेगवेगळी असते आणि तिचा तपशील कंपन्या सहसा जाहीर करत नाहीत. निकॉनच्या डी२एक्स कॅमेऱ्याच्या फाइलमध्ये व्हाइट बॅलन्सची (प्रकाशाच्या छटेनुसार रंग जुळवण्याची) माहिती सांकेतिक रूपात साठवली जाते, यावर फोटोशॉपच्या जनकांपैकी एक असलेल्या थॉमस नोल यांनी २००५ साली जाहीर हरकत घेतली होती. ॲडोबीने २००४ साली आणलेले डीएनजी टिफ या चित्रांच्या जुन्या फाइल स्वरूपावर आधारलेले आहे आणि त्याचा तपशील कोणालाही वाचता येतो. लायका आणि रिकोचे काही कॅमेरे थेट डीएनजीच लिहितात. ॲपलचे प्रोरॉही मुळात डीएनजीच आहे.

मला सर्वांत मोलाची वाटली ती मात्र वेगळीच सोय. ॲडोबीच्या कन्व्हर्टरने केलेल्या डीएनजीमध्ये चित्राच्या माहितीचा चेकसम, म्हणजे त्या माहितीवरून काढलेला पडताळणीचा आकडा, लिहिलेला असतो, त्यामुळे डिस्कवर पडून राहिलेल्या फाइलमधील चित्र नंतर बिघडले आहे का, हे लाइटरूम हजारो फाइल्स एका दमात तपासून सांगू शकते. अर्थात, बदलण्यापूर्वीच बिघडलेली फाइल त्यातून सापडत नाही, आणि एनईएफसाठी चेकसमची वेगळी यादी ठेवता येतेच. पण ती शिस्त माझ्याच्याने पाळली गेलेली नाही.

उलट बाजूही हलकी नाही. कॅमेरा कंपन्यांची स्वतःची सॉफ्टवेअर असे रूपांतरित डीएनजी सहसा उघडत नाहीत. लाइटरूममधील बदल डीएनजीच्या आतच लिहून ठेवले, तर एक शीर्षक बदलल्यावरही माझा बॅकअप संपूर्ण फाइल पुन्हा उचलतो, जिथे एनईएफसोबत बदलांची नोंद ठेवणारी काही किलोबाइटची एक्सएमपी फाइल पुरते. शिवाय मूळ फाइल पुसून टाकली, की डीएनजीवरून ती जशीच्या तशी परत मिळवता येत नाही. मूळ फाइल डीएनजीच्या पोटात ठेवण्याचा पर्याय आहे, पण मग जागा जवळजवळ दुप्पट लागते.

म्हणून माझ्या सध्याच्या कॅमेऱ्याच्या एनईएफ फाइल्स मी तशाच ठेवणार आहे, कारण इतक्या लोकांच्या वापरात असलेले स्वरूप एका रात्रीत अनाथ होत नाही. त्या बंद पडलेल्या कंपनीच्या फाइल्स मात्र डीएनजीत बदलतो आहे आणि मूळ फाइल्स वेगळ्या डिस्कवर ठेवतो आहे. वारीच्या फोल्डरमधील दोन फाइल्स कन्व्हर्टरने नाकारल्या. त्यांच्या प्रती जुन्या डीव्हीडींवर आहेत का, ते आता शोधायचे आहे.