आमची वाटचाल: रंग वाचणारा गाळा

भोसरी एमआयडीसीत भाड्याचा गाळा घेऊन बाहेर 'स्ट्रेन गेजिंग' असा बोर्ड लावला, तेव्हा पहिल्या महिन्यात आलेल्या दोघांनी विचारलं, "प्रेशर गेज रिपेअर करता का?" भाडं थकलेलं होतं. एकाला हो म्हणालो.

स्ट्रेन गेज म्हणजे नखाएवढी फॉइलची जाळी. ती लोखंडावर चिकटवायची. लोखंड ताणलं की जाळीही ताणते आणि तिचा रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा) बदलतो. १२० ओहमच्या गेजमध्ये १००० मायक्रोस्ट्रेनला, म्हणजे लांबी हजारात एक भाग वाढली की, फरक पडतो साधारण ०.२४ ओहमचा, म्हणजे आमचं पोट त्या पाव ओहमवर. त्यामुळे इंजिनिअरिंग कमी आणि घासणं-पुसणं जास्त. पॉलिश पेपर, सॉल्व्हंट, कापूस. कापूस एकाच दिशेने ओढायचा, पांढराशुभ्र निघेपर्यंत. मग गोंदाचा थेंब आणि मिनिटभर अंगठ्याचा दाब. पहिल्या पावसाळ्यात वरचं ओलावारोधक कोटिंग घाईत उरकलं, तर काहीही न हलता रीडिंग सरकायला लागलं. ते काम पदरमोड करून पुन्हा करून दिलं.

खरा दणका दुसऱ्या वर्षी बसला. एका गिऱ्हाईकाचा कास्टिंगचा (साच्यात ओतलेल्या धातूचा) ब्रॅकेट तुटत होता. ड्रॉइंग पाहून आम्ही सहा ठिकाणी गेज लावले. सहाही रीडिंग मर्यादेत आली. ब्रॅकेट तुटला सातव्या ठिकाणी. "साहेब, तुमचे गेज बरोबर आणि आमचा ब्रॅकेट चुकला, असंच ना?" असं म्हणून त्यांनी बिल अडकवलं. मला राग आला, पण त्यांचं काय चुकलं?

मी डिप्लोमावाला. त्या दिवसांत रात्री जेवण झालं की एनपीटीईएल या ऑनलाइन शिकवणीच्या साइटवर आयआयटी मद्रासच्या प्रा. के. रमेश यांची 'एक्सपेरिमेंटल स्ट्रेस अॅनालिसिस'ची लेक्चर्स ऐकायचो. फुकट होती, आणि कळलं नाही तर मागे नेता यायची. तिथे फोटोइलॅस्टिक कोटिंग नीट कळलं: खऱ्या भागावरच खास प्लास्टिकचा थर चिकटवायचा, लोड द्यायचा आणि पोलॅरिस्कोपमधून, म्हणजे ध्रुवीकृत प्रकाश टाकणाऱ्या यंत्रातून, बघायचं. जिथे ताण, तिथे रंग. गेज एका ठिपक्याचं सांगतो, कोटिंग अख्ख्या अंगाचं.

याच क्षेत्रातल्या कामासाठी रमेश सरांना २०१२ चा झँडमन पुरस्कार मिळाला, हे नंतर वाचलं. तो अमेरिकेतली सोसायटी फॉर एक्सपेरिमेंटल मेकॅनिक्स देते. मूळ तांत्रिक योगदानासाठी त्याच संस्थेचा लाझान पुरस्कार आहे, पण आमच्यासारख्यांना झँडमन जवळचा, कारण तो कोटिंग वापरून दाखवणाऱ्याला मिळतो. ज्यांच्या नावाने तो आहे ते फेलिक्स झँडमन तेव्हाच्या पोलंडमधल्या, आता बेलारूसमधल्या ग्रोद्नोचे ज्यू. दुसऱ्या महायुद्धात एका पोलिश कुटुंबाने त्यांना घराखालच्या खड्ड्यात १७ महिने लपवलं. त्या अंधारात त्यांचे मामा त्यांना तोंडी गणित शिकवत. पुढे पॅरिसला डॉक्टरेट, कोटिंगचं तंत्र, आणि १९६२ मध्ये 'विशे' ही कंपनी. नाव लिथुआनियातल्या आजीच्या गावाचं. हे वाचल्यावर गाळ्याच्या भाड्याची रडकथा मी बरेच दिवस कुणाला सांगितली नाही.

पतसंस्थेचं कर्ज काढून जुना पोलॅरिस्कोप घेतला. खरी कसरत कोटिंगच्या शीटची. रेझिन आणि हार्डनर मिसळून टेफ्लॉनच्या पाटावर ओतायचं आणि वाट बघायची. अर्धवट जमलं की ते ओल्या पापडासारखं लवचिक होतं. तेवढ्याच वेळात उचलून ब्रॅकेटच्या वळणावळणावर हाताने बसवायचं. लवकर उचललं तर बोटांना चिकटतं, उशीर केला तर वळत नाही. आईने एकदा येऊन पाहिलं. म्हणाली, "पापड बायका उन्हात करतात, तू एसीत करतोस." दुसऱ्या दिवशी ते कवच सोडवायचं, जागोजागी जाडी मोजायची आणि चकाकणाऱ्या सिमेंटने परत चिकटवायचं.

तोच ब्रॅकेट मागून आणला, आमच्या खर्चाने. लोड चढवत गेलो, तसे ताणाबरोबर रंग चढत गेले. करडा, पांढरा, पिवळा... बाकी अंग पिवळ्यावर थांबलं असताना रिब (आधाराची पट्टी) जिथे बॉसला (बोल्टच्या उंचवट्याला) मिळते तिथे लाल, जांभळा, निळा अशा रेषा दाटीवाटीने उमटल्या. तिथली गोलाई मोजायला रेडियस गेज लावला. ड्रॉइंगमध्ये ६ मिमीची गोलाई होती, कास्टिंगमध्ये जेमतेम ३, आणि कोपरा जितका टोकदार तितका ताण तिथे गोळा होतो. पॅटर्न (ज्यावरून साचा बनतो तो नमुना) दुरुस्त करताना कुणीतरी कोपरा भरताना हात आखडता घेतला होता. आम्ही गेज लावले होते ड्रॉइंगवरच्या ब्रॅकेटला.

अडकलेलं बिल आलं, थोडं कापूनच. पण त्याच गिऱ्हाईकाने पुढची चार कामं दिली.

"आता ताण काढून देणारं सॉफ्टवेअर आहे, कोटिंग कशाला?" असं हल्ली विचारतात. बरीच कामं सॉफ्टवेअर आणि गेजवरच होतात, मीही तेच सुचवतो. स्वस्त पडतं. पण सॉफ्टवेअरलाही ड्रॉइंगमधली ६ चीच गोलाई माहीत असते.

आज आम्ही पाच जण आहोत, गाळा अजून भाड्याचाच. नवीन मुलगा आला की आधी त्याला शीट उचलायला देतो. पहिल्या तीन वाया जातात, त्यांचं रेझिन आम्ही खर्चात धरूनच ठेवतो.