खोकं फाडा, मग एम्टी द्या

मागच्या आठवड्यात नेहमीचा भंगारवाला दुकानासमोर गाडा लावून विचारतो कसा, "मालक, ती प्रिंटरची काळी डबडी हायत का?" म्हटलं आहेत की, काउंटरखाली अर्धं पोतं पडलंय. "आणि खोकी?" खोकी कशाला रे तुला? "खोक्यासकट असली तर जास्त देतो, फक्त खोकं फाटलेलं नको."

मी गप्पच झालो. सांगलीत विजयनगरला कोर्टाजवळ माझं झेरॉक्स-टायपिंगचं छोटं दुकान, दिवसभर सातबारा, प्रतिज्ञापत्रं, आधारच्या प्रिंटा, म्हणजे टोनर, प्रिंटरची काळी पावडर, हा माझा किराणाच म्हणा. एम्टीला, म्हणजे पावडर संपलेल्या रिकाम्या कार्ट्रिजला, भाव असतो हे माहीत होतं, पण डब्याबरोबर रिकाम्या पुठ्ठ्यालाही भाव? मग आठवलं, दोन वर्षांमागं मी एक कार्ट्रिज ओरिजिनल म्हणून मागवलेलं, सीलबंद खोकं, बिल, सगळं रीतसर, आणि शंभरेक पानांत डाव्या बाजूला काळी रेघ यायला लागली. उघडून बघितलं तर ड्रमवर, म्हणजे कागदावर छाप उठवणाऱ्या नळकांड्यावर, गोल गोल ओरखडे. नवा ड्रम आरशासारखा असतो, हा आधीच हजारो पानं फिरून आलेला. खोकं खरं, आतला माल जुनाच, परत भरलेला. असली खोकी येतात कुठून, तर माझ्यासारख्याच कुणाच्या तरी काउंटरखालून.

रिफिलवर माझा राग नाही हां, उलट रिफिलवर माझं घर चालतं. माझ्याकडं एचपीचा लेझरजेट १०२० प्रिंटर आहे, २००५ साली आलेलं मॉडेल, अजून पळतंय. त्याला १२ए कार्ट्रिज लागतं आणि कॅननच्या एलबीपी २९०० ला ३०३ नंबरचं, दोन्ही जवळपास जुळी भावंडं, म्हणून रिफिलवाल्यांच्या दुकानात ढीग कायम यांचाच. कंपनी म्हणते १२ए वर २००० पानं निघतात, पण ते पानाच्या ५ टक्के भागावरच छपाई धरून, आता सातबारा काय ५ टक्क्यांत बसतो होय? मोठी गोष्ट म्हणजे १२ए ला चिप नाही. पुढच्या बऱ्याच मॉडेलना चिप आली, ती पानं मोजते, पावडर भरली तरी मशीन आपलं संपलं संपलं करत बसतं आणि मग चिपही बदलायची.

भरण्यात तशी काही जादू नाही. बाजूच्या पिना काढल्या की कार्ट्रिजचे दोन भाग होतात, एकात पावडर आणि मॅग्नेटिक रोलर, दुसऱ्यात ड्रम, चार्ज रोलर, ब्लेड आणि वेस्टचा कप्पा. ड्रमवरची सगळी पावडर कागदावर जात नाही, उरलेली रबरी ब्लेड खरवडून त्या कप्प्यात टाकतं. आळशी रिफिलवाला नुसती नवी पावडर ओततो आणि वेस्ट तसंच ठेवतो, मग ते भरून वाहतं आणि अख्खं मशीन आतून काळं. काही महाभाग तर वेस्टच परत पावडरीत मिसळतात. त्यामुळं माझा त्याला प्रश्न एकच असतो, "वेस्ट काढलंस का, भावा?" तो गडबडला की मी समजतो.

अजून एक सांगतो, पट्टी घेऊन बघा. पानावर एकच ठिपका दर साडेसात सेंटीमीटरला परत परत येत असेल तर दोष ड्रमचा, कारण १२ए च्या ड्रमचा घेर तेवढाच आहे. दोन-तीन रिफिलनंतर ड्रम आणि ब्लेड बदलून घ्यावंच लागतं. आणि ड्रम उन्हात ठेवायचा नाही, उजेडानं तो खराब होतो, काळ्या पिशवीत गुंडाळून द्या.

सुरुवातीला मी शहाणपणा करून घरीच भरायला बसलेलो, व्हिडिओ बघून, पांढरा शर्ट घालून. पावडर म्हणजे बारीक प्लास्टिकच, उष्णतेनं वितळून कागदाला चिकटणारं, आणि आईनं माझ्या काळजीनं शर्ट कडक पाण्यात भिजवला. डाग अजून आहे. आधी झटकायची आणि गार पाण्यानं धुवायची हे कळायला एक शर्ट गेला. साधा व्हॅक्यूम क्लीनर पण नको, इतकी बारीक पावडर त्याच्या फिल्टरमधून आरपार जाऊन खोलीभर होते.

हे भरून वापरणं कायद्यात बसतं का, असं एकदा प्रिंटसाठी थांबलेल्या वकीलसाहेबांना विचारलं तर त्यांनी अमेरिकेतली केस सांगितली. लेक्समार्क कंपनी रिकामं कार्ट्रिज फक्त आम्हालाच परत द्यायचं या अटीवर स्वस्तात विकायची, इम्प्रेशन प्रॉडक्ट्स नावाची छोटी कंपनी तीच कार्ट्रिज भरून विकायची. २०१७ ला तिथल्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं, एकदा विकलं की त्या वस्तूवरचा पेटंटचा हक्क संपला. मग म्हणाले, "पण भरलेलं भरलेलं म्हणून विका, नवं म्हणून विकलं की ती फसवणूक, तिथं पण आणि इथं पण."

घरी इंकजेट असेल तर एवढंच, एचपीच्या ८०३ सारख्या कार्ट्रिजमध्ये शाई फवारणारं हेड कार्ट्रिजवरच असतं, ठणठणीत रिकामं करून महिनाभर टाकलं की हेड वाळतं, मग सिरिंजनं कितीही शाई भरा. प्रिंट फिकी आली की लगेच द्या.

आणि जे पार गेलं, ब्लेड तुटलं, गिअरचे दात झिजले, ते घंटागाडीत नको, समडोळी रोडच्या डेपोवर जाऊन जळण्यापलीकडं त्याचं काही होणार नाही. २०२२ च्या ई-कचरा नियमांत प्रिंटर कार्ट्रिजसकट धरलेत, म्हणजे ते ई-कचऱ्यातच जायला पाहिजे. काही कंपन्या परत पण घेतात, एचपीची तशी योजना १९९१ पासून आहे.

तर परवा भंगारवाला परत आला. चांगल्या एम्टी रिफिलवाल्याकडं गेलेल्या, तुटकी तीन बाजूला काढून ठेवलेली. खोकी मात्र मी त्याच्यासमोरच फाडली, लेबलावरनं मार्करच्या रेघोट्या मारल्या आणि गठ्ठा पुढं केला. तोंड वाकडं करून त्यानं काट्यावर टाकला, रद्दीच्या भावानं.