ग्वारानीतले 'आपण' आणि पॅराग्वेतले 'आम्ही'

मराठीत 'आम्ही' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो आणि 'आपण' म्हटले की तो आत येतो. हाच भेद दक्षिण अमेरिकेतल्या ग्वारानी भाषेत आहे: 'ओरे' म्हणजे आम्ही आणि 'न्यांदे' म्हणजे आपण. पॅराग्वेवर राज्य करायला आलेल्या स्पॅनिशमध्ये मात्र या दोहोंसाठी एकच शब्द आहे. फोंड्यात घरी कोंकणी बोलत आणि देवळात व वर्तमानपत्रांत मराठी वाचत मी लहानाची मोठी झाले, त्यामुळे दोन भाषांत संसार करणाऱ्या या देशाविषयी वाचू लागल्यावर मला हातातले पुस्तक खाली ठेववेना.

पॅराग्वेत स्वतःची नोंद आदिवासी म्हणून करणारे लोक सुमारे 2 टक्के आहेत, तरीही आदिवासींची ग्वारानी तिथे बहुसंख्यांच्या तोंडी आहे; अमेरिका खंडात असे दुसरे उदाहरण नाही. या प्रदेशात सोने-चांदी नव्हती, म्हणून स्पेनहून आलेले लोक थोडे होते, आणि त्यांच्या घरांत ग्वारानी स्त्रियांनी जी मुले वाढवली ती आईची भाषा बोलत मोठी झाली. पुढे फ्रान्सिस्कन आणि जेझुइट पाद्र्यांनी ती लिपीबद्ध केली. अंतोनियो रुइस दे मोंतोया यांचा ग्वारानी शब्दकोश 1639 साली माद्रिदला छापला गेला, आणि त्याच्या पुढच्याच वर्षी आमच्या रायतूरला फादर स्टीफन्स यांचे कोंकणी व्याकरण छापून निघाले. पुढे दोन्हीकडे सत्तेने त्याच भाषांवर हात उगारला: गोव्यात 1684 च्या फर्मानाने, आणि पॅराग्वेत 1870 नंतर शाळांमधून.

1870 हे वर्ष त्या देशाच्या काळजावरचा घाव आहे. ब्राझील, अर्जेंटिना आणि उरुग्वे या तिघांशी 1864 पासून चाललेल्या युद्धात पॅराग्वेने इतके पुरुष गमावले, की मेलेल्यांच्या संख्येवर इतिहासकारांचे आजही एकमत होत नाही. उजाड झालेली शेते आणि घरे बायकांनी पुन्हा उभी केली. शाळेत बंदी घातलेली भाषा त्यांच्या चुलीपाशी जगली, याचे मला फार अप्रूप वाटते.

पण भाषा जगली म्हणजे ती बोलणाऱ्याला सत्तेत वाटा मिळाला, असे होत नाही. कोलोरादो पक्ष 1947 पासून 2008 पर्यंत सलग सत्तेवर होता आणि 2013 पासून पुन्हा आहे. त्यातली 35 वर्षे जनरल आल्फ्रेदो स्त्रोएसनर यांच्या हुकूमशाहीची होती; 1989 साली त्यांना पदच्युत केले तेही त्यांच्याच व्याह्याने, जनरल आंद्रेस रोद्रिगेस यांनी. स्त्रोएसनर यांच्याच काळात, 1967 च्या राज्यघटनेने ग्वारानीला राष्ट्रीय भाषा म्हटले, पण कारभाराची भाषा स्पॅनिशच ठेवली. सभेत 'न्यांदे' आणि कागदावर स्पॅनिश, अशी ती वाटणी होती. जमीन तर आप्तांना आणि निष्ठावंतांना वाटली गेली. सत्य व न्याय आयोगाने 2008 साली नोंदवले, की 1954 ते 2003 या काळात सुमारे 78 लाख हेक्टर जमीन नियमबाह्य रीतीने दिली गेली. आपल्या गोव्याएवढी वीस राज्ये त्यात मावतील.

याच जमिनीच्या प्रश्नावर, 15 जून 2012 रोजी कुरुग्वाती येथे भूमिहीन शेतकरी आणि पोलीस यांच्यातील संघर्षात 11 शेतकरी आणि 6 पोलीस मारले गेले. कोलोरादोंची सद्दी मोडून निवडून आलेले, एकेकाळचे बिशप फेर्नांदो लुगो यांना संसदेने आठवड्याभरातच महाभियोग चालवून पदावरून दूर केले.

1992 च्या राज्यघटनेने ग्वारानीला स्पॅनिशच्या बरोबरीने राजभाषा केले आणि 2010 च्या भाषा कायद्याने त्या हक्काला तपशील दिला. हे मोठे काम आहे आणि त्याचे मोल मी कमी लेखत नाही. मात्र राजभाषा होणे आणि कचेरीची भाषा होणे यांत किती अंतर असते, ते आम्हा गोंयकारांना 1987 च्या कायद्यानंतर पुरेपूर कळले आहे. मध्यंतरी एका सरकारी कार्यालयात माझ्या पुढे उभ्या असलेल्या म्हातारीने कोंकणीत विचारले, कारकुनानेही तिला आपुलकीने कोंकणीतच उत्तर दिले, आणि नंतर तिच्या हाती ठेवलेला अर्ज इंग्रजीत होता. पॅराग्वेतल्या खेड्यातला शेतकरी स्पॅनिशमधल्या सातबारासारख्या कागदापुढे असाच उभा राहत असेल, असे त्या वेळी मनात आले.

2022 च्या जनगणनेत पॅराग्वेची लोकसंख्या सुमारे 61 लाख भरली. आधीचे अंदाज 70 लाखांच्या वरचे होते. जन्मदर घटला हे एक कारण, आणि लोक देश सोडून गेले हे दुसरे. त्यांतले पुष्कळ जण अर्जेंटिनात आहेत. बुएनोस आयरेसच्या भोवतालच्या वस्त्यांत ते बांधकामावर आणि घरकामावर राबतात, आणि आपसांत ग्वारानी बोलतात. आमच्या वाड्यावरची दोन घरे आता फक्त मे महिन्यात उघडतात, त्यांतली मुले लंडनजवळ राहतात, आणि त्यांच्या आया फोनवर त्यांच्याशी अजून कोंकणीतच बोलतात.